तांदळाचं बाळ आणि दहावीचा वर्ग

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, शिनोळीच्या अलीकडे, मराठी माध्यमाचं एक हायस्कूल आहे. भात, रताळी आणि बटाटा पिकवणारा हा भाग. पुरुष उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा शेतात, बायका रोजगारावर. पलीकडे चंदगड तालुका सुरू होतो, म्हणजे महाराष्ट्र. सीमेची ओळ कागदावर आहे. सोयरिकी तिच्या दोन्ही बाजूंना आहेत. किशोरवयीन आरोग्याच्या तासांसाठी मी या भागातल्या शाळांत जाते. इथे मांडलेली शाळा एकच म्हणून वाचावी, मात्र मुलं आणि घरं ओळखू येऊ नयेत म्हणून दोन-तीन ठिकाणचे तपशील मिसळले आहेत.

प्रकरणाची सुरुवात दिवाळीच्या सुट्टीनंतर झाली. दहावीच्या वर्गातल्या दोन मुली परत आल्या नाहीत. एकीचं कुटुंब कामासाठी गोव्याला गेलं होतं. दुसरीचं लग्न झालं होतं, मामाच्या घरी. उन्हाळ्यात ती माहेरी आली तेव्हा तिला दिवस गेले होते. वय सोळा. आशा कार्यकर्तीने नोंदवलेल्या तायी कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी नोंदीच्या कार्डावर, मात्र एकोणीस लिहिलेलं, कारण घरच्यांनी तेच सांगितलं. हेडमास्तरांना खरं वय ठाऊक होतं, शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख होती. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे आणि त्यांनी ते कळवलं. त्यानंतर त्या कुटुंबाने शाळेशी बोलणं टाकलं, आणि गावातल्या इतर काही घरांनी मुलींच्या बाबतीत शाळेला काही सांगायचंच नाही असं ठरवलं. शिक्षकांना हेच जास्त लागलं. गोष्ट घडून गेल्यावर कायदा येतो. त्याच्या आधी शाळा काय करू शकते, हा प्रश्न एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास समितीच्या, बैठकीत आला.

विज्ञानाच्या टीचरनी एक कल्पना मांडली. परदेशातल्या शाळांत मुलींना रडणारी बाहुली घरी नेऊन सांभाळायला देतात, रात्री उठावं लागलं की डोळे उघडतात, तसं आपण करू. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतल्या शाळा आधी अंडं किंवा पिठाची पिशवी ‘बाळ’ म्हणून देत. मग १९९३ च्या सुमारास रिक आणि मेरी जुर्मेन या जोडप्याने इलेक्ट्रॉनिक बाहुली बाजारात आणली. ही बाहुली अवेळी रडते. तिला दूध हवंय, ढेकर हवाय, लंगोट बदलायचाय की नुसतं जोजवायचंय, ते सांभाळणाऱ्याने ओळखायचं. मान नीट धरली नाही किंवा फार वेळ रडू दिलं तर आतलं यंत्र नोंद ठेवतं आणि सोमवारी ती नोंद शिक्षकांसमोर येते. अनेक देशांत हा प्रयोग पोचला, कारण तो पाहणाऱ्याला पटतो. थकवा एकदा अनुभवला की मूल लवकर नको वाटेल, हे कुणालाही खरंच वाटावं असं आहे.

पण हे तपासलं गेलं आहे, आणि ते मी बैठकीत सांगितलं. ऑस्ट्रेलियात पर्थ भागातल्या ५७ शाळांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. काही शाळांत १३ ते १५ वर्षांच्या मुलींना हा कार्यक्रम दिला: छोट्या गटात चर्चा, किशोरवयीन मातांवरची चित्रफीत आणि शनिवार-रविवार बाहुली घरी. बाकी शाळांत नेहमीचे आरोग्याचे तास. एकूण २,८३४ मुली. त्या विशीत पोचेपर्यंत दवाखान्यांच्या नोंदींवरून पाठपुरावा केला आणि निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. बाहुली सांभाळलेल्या मुलींपैकी ८ टक्क्यांना मूल झालं, न सांभाळलेल्यांपैकी ४ टक्क्यांना. गर्भपाताचं प्रमाण ९ आणि ६ टक्के. म्हणजे जे टळावं म्हणून बाहुली दिली, ते बाहुली दिलेल्या गटातच जास्त घडलं.

बैठकीत शांतपणे ऐकून घेतलं सगळ्यांनी. मग टीचर म्हणाल्या, “तिकडच्या पोरी वेगळ्या, आमच्या वेगळ्या. आमच्यात एवढं मोकळं वारं कुठाय?” मुद्दा खरा होता आणि मला तो महत्त्वाचा वाटला. आपल्या मुली वेगळ्या आहेत, त्यांच्या गरोदरपणाची वाटही वेगळी आहे; म्हणून तिकडचं यश जसंच्या तसं आणता आलं नसतं, तसं अपयशही तसंच इथे येईल असं नाही. ठरलं असं की प्रयोग छोटा करायचा, चार दिवसांचा, आणि मुलग्यांनाही द्यायचा. मुलग्यांचा आग्रह माझा होता. पर्थच्या कार्यक्रमाचा पाठपुरावा मुलींचा होता. मूल होण्यातला दुसरा माणूस त्या आकड्यांत दिसत नाही.

बाहुल्या अंगणवाडी टीचर आणि शिवण येणाऱ्या मुलींनी जुन्या लुगड्यांच्या केल्या. आत तांदूळ भरले. बहुतेक तीन किलोच्या, आणि दोन बाहुल्या मुद्दाम दोन किलोच्या. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात, आणि वीस वर्षांच्या आतल्या आईला असं बाळ होण्याची, ते वेळेआधी होण्याची, आईला गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याची भीती जास्त असते. दोन्ही पिशव्या एकेका हातात दिल्या की हे वेगळं सांगायला लागत नव्हतं. रडण्यासाठी यंत्र नव्हतं. मोबाइल घरात एकच, तोही वडिलांकडे नाहीतर भावाकडे. म्हणून अंगणवाडी टीचरनी वेळेचा तक्ता केला: नवजात बाळाला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा अंगावर पाजावं लागतं, त्या हिशेबाने खुणा, मध्ये लंगोट, मध्ये झोपवणं. केलं की वहीत लिहायचं. पालकांची सही आधी घेतली.

मुलींच्या वह्या आल्या तेव्हा त्या पाहून मी बराच वेळ काही बोलले नाही. जवळजवळ सगळ्यांनी तक्ता पाळला होता. रात्री उठण्याचं त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं. एकीने सरळ सांगितलं, “टीचर, धाकट्याला मीच तर वाढवलं की. आई भांगलणीला जात होती.” आठव्या-नवव्या वर्षापासून कडेवर मूल घेतलेल्या मुलीला तांदळाची पिशवी काय नवं शिकवणार? बाळ म्हणजे कष्ट, हे तिला माहीत आहेच. त्या कष्टाला घाबरून ती लग्न नाकारेल असं आपण धरतो, कारण नाकारणं तिच्या हातात आहे असंही आपण धरतो.

उलट काही घरांत बाहुलीचं कौतुक झालं. एका आजीने पाळणा काढून दिला. शेजारणी बघायला आल्या, काजळाची तीट लावली, “आमची पोरगी कामाला तयार झाली बघा” म्हणाल्या. त्या चार दिवसांत त्या मुलीला घरात जितकं मानाने वागवलं तितकं परीक्षेत पहिली आली तेव्हाही वागवलं नव्हतं, असं तिनेच सांगितलं. हसत सांगितलं. मला ते ऐकून वाईट वाटलं. पर्थमध्ये नेमकं काय घडलं असेल याबद्दल मी काही सांगणार नाही, पण इथे डोळ्यांसमोर दिसत होतं की आईपणाचा सराव दिला की त्याच्याबरोबर आईपणाचा मानही देतो आपण, आणि सोळाव्या वर्षी ज्या मुलीला दुसरा कुठला मान मिळत नाही तिच्यासाठी तो मोठा असतो.

मुलग्यांच्या वह्याही नीट भरलेल्या होत्या. अक्षर मात्र बहिणींचं होतं. विचारल्यावर त्यांनी लपवलं नाही. रात्रीचं आईने बघितलं, दिवसाचं ताईने, एकाचं तर वहिनीने, जिला स्वतःचं चार महिन्यांचं बाळ होतं. एक मुलगा तेवढा वेगळा निघाला. त्याचे वडील फाउंड्रीत रात्रपाळीला, आई दवाखान्यात, घरी कुणीच नाही; त्याने पिशवी पाठीला बांधून म्हशींचं सगळं केलं आणि वहीत लिहिलं की धार काढताना पुढे वाकता येत नाही. वर्गात त्याला पुढे बोलावलं तेव्हा मुलगे हसले. मग त्याने बाकीच्यांना विचारलं, “तुमची पोरं कुणी सांभाळली?” त्यानंतरचा तास या साऱ्या उपक्रमातला सगळ्यात उपयोगी होता, आणि तो आम्ही आखलेला नव्हता.

आता त्या मुलीकडे येते, जिच्यामुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं. तिची वही वर्गात सगळ्यात चांगली. पाजण्याच्या वेळा, शी-शूच्या नोंदी, सर्दीला काय केलं तेही. एका शिक्षकांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली: “छान आई होणार तू.” मागच्या बाकावरच्या तिच्या मैत्रिणीने मान खाली घातली. मधल्या सुट्टीत कळलं की तिचं आत्याच्या मुलाशी जमलं आहे, चंदगड तालुक्यातल्या गावी, एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षा झाली की उरकायचं. घरातच द्यायचं म्हणून हुंड्याचा ताण नाही, माणसं ओळखीची, पोरगी डोळ्यांसमोर राहील. बापाच्या दृष्टीने यात चुकीचं काहीच नव्हतं.

आपल्याकडच्या किशोरवयीन गरोदरपणाची मुख्य वाट ही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २०-२४ वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, कर्नाटकात २१.३ टक्क्यांचं. १५ ते १९ वयातल्या ६.८ टक्के मुली देशभरात आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. मुलगी बाळाविषयी अज्ञानी आहे म्हणून हे होत नाही. निर्णय तिच्या वतीने होतो, आणि लग्नानंतर पहिलं मूल कधी हाही निर्णय तिचा नसतो.

म्हणून बाहुल्या परत घेतल्यावर एक कागद दिला. बाळाच्या तक्त्यासारखाच तक्ता, पण ओळी वेगळ्या: दहावीनंतर शिकायचं की नाही, कुठल्या कॉलेजात, लग्न कधी, कुणाशी, पहिलं मूल कधी, दवाखान्यात कधी जायचं, पैसे कुणाकडे. प्रत्येक ओळीसमोर ‘कोण ठरवतं’ ते लिहायचं. नाव घालायचं नाही. मुलींच्या कागदांवर ‘अप्पा’, ‘मोठा काका’, ‘आजी’, ‘सासरचे’ असं येत राहिलं. मुलग्यांच्या कागदांवर शिक्षणाच्या ओळीत ‘मी’ होतं आणि लग्नाच्या ओळीत बऱ्याचदा ‘घरचे’. मुलग्यांनाही लग्नाची तारीख विचारत नाहीत, हे मुलींना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

प्रश्नपेटीत निघालेल्या चिठ्ठ्यांवर फार लिहीत नाही. पाळी, प्रेम, फोटो पाठवण्याची जबरदस्ती, आणि ‘एकदाच झालं तरी दिवस जातात का’ हा प्रश्न तीन वेगळ्या अक्षरांत. लग्नाबाहेरची वाटही इथे आहे, आणि तिच्याविषयी बोलायला घरात कुणी नाही. सरकारी दवाखान्यातलं स्नेहा क्लिनिक किशोरवयीनांसाठीच आहे हे वर्गात फारशा कुणाला माहीत नव्हतं. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, पालकाची लेखी संमती लागते, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं की मुलीची व पालकांची विनंती असेल तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हे सगळं मी मुलींना साध्या शब्दांत सांगितलं. भीतीपोटी उशिरा दवाखान्यात जाणं किंवा जाणंच टाळणं, यातच जीव धोक्यात येतो.

मुलीच्या वडिलांशी बोलायला हेडमास्तर, अंगणवाडी टीचर आणि मी गेलो. पोलिसांचं नाव काढलं नाही. हेडमास्तरांचा आधीचा अनुभव ताजा होता, आणि लग्न अजून व्हायचं होतं. वडिलांनी चहा दिला, आणि विषय निघाल्यावर म्हणाले, “सर, मी काय पोरीचा वैरी हाय काय? दहावी करू दिली नव्हं? पुढं कॉलेजला बेळगावला जायचं, संध्याकाळची बस चुकली तर मी कुठं शोधत फिरू?” ही अडचण बनावट नव्हती. जून २०२३ पासून कर्नाटकाच्या शक्ती योजनेत बायका-मुलींना सरकारी बसचं तिकीट पडत नाही, पण फुकट बस आणि वेळेवर बस या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बहुतेक ठिकाणी कन्नड किंवा इंग्रजीशी झुंजावं लागतं. नापास झाली तर वर्ष गेलं आणि नावही गेलं, असा घरचा हिशेब.

मुलीची आई दाराआड होती. अंगणवाडी टीचरनी तिला बाहेर बोलावून भाग्यलक्ष्मी या सरकारी योजनेतला मुलीच्या नावाचा बाँड आणायला सांगितलं. ट्रंकेतून निघाला, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. अठराच्या आत लग्न केलं तर त्याची रक्कम मिळत नाही, हे तिला ठाऊक होतं, पण लग्न ‘पलीकडे’ होणार म्हणून इथे कळणार नाही असं कुणीतरी सांगितलं होतं.

या ‘पलीकडे’वर थांबायला हवं. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा, दोन्ही राज्यांत तोच. पण कर्नाटकाने २०१६ ची स्वतःची दुरुस्ती केली आहे: इथे बालविवाह मुळातच रद्दबातल धरला जातो. महाराष्ट्रात तो मुलीने मागितला तर रद्द होतो, आणि ती सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत मागावं लागतं. म्हणजे सासरच्या घरात दोन-तीन वर्षं काढलेल्या, कडेवर मूल असलेल्या मुलीने कोर्टात जायचं. मांडव शिनोळीच्या अलीकडे की पलीकडे, याने तिच्या नशिबी येणारा कायदा इतका बदलू शकतो. सीमाप्रश्नावर आपण दोन्हीकडचे लोक इतकं बोलतो, यावरही बोललं पाहिजे. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. अठरा वर्षांवरचा पुरुष अल्पवयीन मुलीशी लग्न करतो तेव्हा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्न लावून देणारे, त्यात सामील होणारेही अडकतात. आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठरा वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार आहे.

वडिलांना हे ऐकवल्याने ते हलले नाहीत. हलली ती आत्या. मुलगा वीस वर्षांचा, म्हणजे लग्नासाठी त्याचंही वय एकवीस भरलेलं नव्हतं, शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत नुकताच कामाला लागलेला. त्याच्यावर गुन्हा नोंद झाला तर नोकरी जाईल, हे आत्याला भावाच्या शब्दाहून मोठं वाटलं. नंतर मुलगा एकटाच शाळेत आला. म्हणाला, “मला घाई नाहीच. मला कुणी विचारलंच नाही.” ‘कोण ठरवतं’च्या कागदावरचं तेच उत्तर, पलीकडच्या गावातून चालत आलेलं.

लग्न पुढे ढकललं आहे, मोडलेलं नाही. मुलीने एसएसएलसी दिली, द्वितीय श्रेणीत पास झाली आणि पीयूसीला नाव घातलं. गावातल्या आणखी तीन मुलींनीही त्याच कॉलेजात घातलं, आणि चौघी एकाच बसने जातात ही अट वडिलांनी घातली व पाळली. ती अठरा पूर्ण करेपर्यंत हे टिकेल का, याची खात्री मी देऊ शकत नाही. तुळशीचं लग्न लागलं की दर वर्षी तो प्रश्न पुन्हा उभा राहणार.

अशा कामात यश लवकर जाहीर करू नये, याचं एक उदाहरण शेजारीच आहे. विजयपूर आणि बागलकोट जिल्ह्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी ‘समता’ नावाचा कार्यक्रम २०१४ पासून काही वर्षं चालला. मुली, मुलगे, पालक, शाळा या सगळ्यांबरोबर मन लावून काम झालं, आणि गावांची विभागणी करून शास्त्रीय तुलनाही झाली. एकूण हिशेबात शाळा सुटणं किंवा लहान वयात लग्न यांत ठोस फरक दिसला नाही. कार्यक्रम चांगला असूनही परिणाम मोजल्यावर असं निघू शकतं. आमच्या शाळेत तर मोजण्याइतकी मुलंच नाहीत. एका मुलीचं लग्न लांबलं, ते बाहुलीमुळे नाही, आणि कदाचित आमच्या भेटीमुळेही पूर्णपणे नाही.

पुढच्या वर्षासाठी शाळेने ठरवलेलं असं. मुलींना बाहुली द्यायची नाही. मुलग्यांना द्यायची, आणि रात्री ती घरी न पाठवता शाळेतच, हेडमास्तर व दोन वडील पालकांच्या देखरेखीखाली, म्हणजे वही बहिणीच्या हाती जाणार नाही. हिशेबाचा एक कागद त्यात वाढवला आहे: फाउंड्रीतला नवा कामगार काय कमावतो आणि बाळ-बाळंतिणीला महिन्याला काय लागतं. ‘छान आई होशील’ असं वर्गात कुणी म्हणायचं नाही, यावर शिक्षकांत थोडी वादावादी झाली, पण ठरलं. मुलींच्या वाट्याचे तास पीयूसीच्या कन्नड-इंग्रजी तयारीला आणि स्नेहा क्लिनिकच्या भेटीला. बसच्या वेळेसाठी एसडीएमसीने आगारात अर्ज दिला आहे. संध्याकाळची फेरी अर्धा तास उशिरा सोडावी एवढीच मागणी.

आणि दहावीच्या रजिस्टरात प्रत्येक मुलीच्या नावासमोर आता दोन रकाने आहेत. एकात आपल्या ग्रामपंचायतीच्या पीडीओंचा, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांचा, नंबर. दुसऱ्यात, जिची सोयरीक पलीकडे आहे तिच्यासाठी, त्या गावच्या ग्रामसेवकाचा, कारण महाराष्ट्रात गावपातळीवर बालविवाह रोखण्याचा अधिकार त्यांच्याकडे असतो. दुसरा रकाना भरायला अंगणवाडी टीचरना चंदगडला जावं लागलं. काही नंबर मिळाले, काही अजून मिळवायचे आहेत. शाळा सुटल्यावर, शनिवारी, आम्ही दोघी त्याच कामाला लागतो. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर फळ्याच्या वर रंगवून घेतला आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये.